वस्तादांचे पंखाळे

माझ्यावर ज्यांचे उपकार सर्वांत मोठे आहेत त्यांचे नाव तातोबा वस्ताद. सांगलीला नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर त्यांची तालीम होती. कॉलेजात होतो तोवर मी त्या तालमीच्या माळ्यावर राहिलो आणि त्यांच्या घरची भाकरी खाल्ली. आमच्या घरात माझ्याआधी कुणी चौथीच्या पुढे गेलेले नव्हते. उंब्रजजवळच्या आमच्या गावातून मी पत्र्याची ट्रंक घेऊन निघालो तेव्हा वडील एवढेच म्हणाले होते, "आपल्या गावचा तातोबा तितं तालीम चालवतो. त्याच्याकडं जा. माणूस जरा येडा हाय, पर भिऊ नगंस."

वस्तादांचे वेड मला पहिल्याच दिवशी दिसले. ते कुणाची पाठ थोपटत नसत.

ज्याने तालीम पाहिली आहे त्याला यातले नवल कळेल. वस्तादाचा हात पाठीवर पडावा म्हणून पोरे वर्षानुवर्षे माती अंगाला लावतात. तातोबा वस्तादांच्या तालमीत मात्र एखाद्याने चांगली कुस्ती मारली की तो मान खाली घालून त्यांच्यापुढे उभा राही आणि वस्ताद उजव्या हाताचा पंजा त्याच्या कपाळावर ठेवीत. तो पंजा केवढा! गड्याचे कपाळ, डोळे आणि निम्मे नाक त्याखाली झाकून जाई. तेवढा वेळ गडी श्वास रोखून उभा. मग वस्ताद हात काढून म्हणत, "जा. दूध पी."

मी नवा होतो. न राहवून विचारले, "वस्ताद, पाठ का थोपटत नाही?"

"पंखाळ्यांत लावत न्हाईत पाठीला हात."

मला ते आडनाव वाटले. "पंखाळे कुठले? कऱ्हाडचे का?"

मातीच्या हौदातली सगळी पोरे खो खो हसली. हणमंता नावाचा एक धिप्पाड गडी अंगावरची माती झटकत म्हणाला, "आरं इद्यार्थी, पंखाळं म्हंजी पंखाची माणसं. वस्ताद सांगतील तुला जेवताना. फकस्त हसू नगंस, गड्या. भाकरी बंद व्हती."

त्या दिवसापासून मी तालमीत इद्यार्थी झालो. माझे खरे नाव तिथे कुणी कधी विचारले नाही.

वस्ताद बुटके आणि रुंद होते. दोन्ही कान मोडून करंजीसारखे झालेले. उभ्या जन्मात त्यांची पाठ मातीला लागली नाही असे सांगलीत सगळे सांगत. कधी कुस्ती बरोबरीत सुटली, कधी पंचांनी सोडवली, पण त्यांना चीत कुणी केले नाही. याची त्यांना इतकी सवय होऊन गेली होती की ते निजतही कुशीवर. हौदाच्या कडेला घोंगडे टाकून, एक हात कानाखाली आणि दुसरा मोकळा, समोरून कुणी आले तर धरायला. झोपेत माणूस कसा सैल पडतो. हे झोपेतही पहाऱ्यावर असत.

आता पंखाळ्यांविषयी सांगायला हवे. मी पुढे प्राणिशास्त्र घेऊन पदवीधर झालो, पण इतके बारकाईने शिकवलेले प्राणी मला कॉलेजातही भेटले नाहीत.

पंखाळे राहतात सह्याद्रीच्या कड्यांवर, साताऱ्याच्या पश्चिमेला. माणसासारखेच, पण खांद्यांच्या फऱ्यांपासून पंख फुटलेले. "छाती कशी, म्हायती हाय का?" वस्ताद भाकरी मोडता मोडता विचारीत. "पखवाजागत. पंख वडायचं ते छातीनंच वडाय लागतं. जोर काढून काढून आपल्या पोरांची जी छाती व्हती, ती त्यांची जलमतानाच."

"आणि पाय?"

"पायाचं नाव काढू नगंस. काडीगत. बैठका मारायच्याच न्हाईत, उडून जायाचं. तेवढा एक दोष हाय त्यांच्यात." हे सांगताना त्यांच्या तोंडावर खरोखरचे दुःख असे. एखाद्या चांगल्या घरातला मुलगा बिघडावा तसे.

खाणे हलके. दिवस मावळल्यावर भाकरी नाही. भिजवलेले मूग, उंबरे, करवंदे. पोट जड झाले तर उडणार कसे?

"मग मी काय पंखाळा न्हाई," हणमंता दुरडीतली आणखी एक भाकरी उचलत म्हणे.

"तू म्हस हायस. खा."

त्यांच्यात कोर्टकचेरी नाही. भांडण झाले की दोघांनी उडायचे आणि उडता उडता आपापली बाजू सांगायची. खोटे बोलणाऱ्याचा दम सुटतो. जो आधी खाली उतरेल तो खोटा. मी एकदा विचारले, "खरे बोलणारा म्हातारा असला तर?" वस्ताद घास हातात धरून थांबले. उत्तर आले दुसऱ्या दिवशी, मी कॉलेजला निघालो असताना, रस्त्यावर गाठून. "म्हाताऱ्याच्या वतीनं त्याचा नातू उडतो. सांगायचं ऱ्हायलं हुतं."

आणि कुस्ती. पंखाळ्यांची कुस्ती सांगायला लागले की वस्ताद भाकरी बाजूला सारीत. "त्यांच्यात चीत न्हाई. पाठीला पंख, पाठ टेकणार कशी? ती कवाच टेकत न्हाईत. निजायचं तर पालथं न्हाईतर कुशीवर. बारक्या पोरालाबी झोळीत पालथंच घालत्यात. माणूस मेला तरी उताणा ठेवत न्हाईत, खोऱ्याकडं तोंड करून बसवत्यात. मग कुस्ती कशी? तर कड्याच्या काठावर. ज्याचं पंख आधी उघडलं तो हरला. आन समोरचा घसरला, तर त्याला धराय लागतं. जो धरत न्हाई त्याला पुन्यांदा कुणी कुस्तीला बोलवत न्हाई."

हे सगळे चालले असताना चुलीपुढून अधूनमधून एक आवाज येई. "आबा, करवंदं न्हाईत. मागल्या खेपंला तुमी म्हनला हुता, करवंदाच्या जाळीत पंख अडकत्यात म्हून जात न्हाईत."

"व्हय व्हय. करवंदं न्हाईत."

ही येसू, वस्तादांची एकुलती एक मुलगी. मी गेलो तेव्हा ती तेरा-चौदा वर्षांची असेल. आई लहानपणीच गेली होती. बापाचा आणि माळ्यावरच्या इद्यार्थ्याचा स्वयंपाक तीच करी. पाठीचा कणा मधोमध वर उचलला जाऊन तिला कुबड आले होते. वस्तादांनी शिंप्याकडे स्वतः बसून तिचे पोलके बेतून घेतले होते. पाठीवर सैल, बंदांनी बांधायचे. "पंखाळ्यांत बायका असंच घालत्यात," असे त्यांनी त्या शिंप्यालाही सांगितले होते, आणि शिंपी बिचारा मान डोलवत राहिला होता.

पंखाळे कसे जन्मले ते मला हणमंताने सांगितले. येसू सातेक वर्षांची असताना घाटावर पोरांनी तिला 'कुबडी' म्हणून हाक मारली. ती रडत तालमीत आली. वस्ताद हौदात होते. अंगावर माती तशीच घेऊन त्यांनी तिला खांद्यावर बसवले आणि सगळ्या तालमीदेखत म्हणाले, "पंख हायती त्यं. दुमडल्यात. दुमडलेलं पंख असंच दिसत्यात." पंख सांगितल्यावर पंखांचे लोक सांगावे लागले. लोक सांगितल्यावर ते राहतात कुठे, खातात काय, रागावले तर काय करतात, हे सगळे येसू विचारीत गेली आणि वस्ताद सांगत गेले. पाठ थोपटणे बंद झाले ते तेव्हापासून. ज्या घरात पाठीला हात लावायचा नाही, तिथे कुणा एकाच्याच पाठीचे लाजणे उरत नाही.

येसू हे सारे खरे मानत होती का? मला तसे वाटत नाही. ती हुशार होती. माझी जुनी क्रमिक पुस्तके तिने वाचून फडशा पाडली होती. पण पंखाळ्यांची रीत ती पाळत होती. एखादे कुटुंब एकादशी पाळते तशी, चर्चा न करता.

मी मात्र एकदा चर्चा केली. कॉलेजात कबुतराचा सांगाडा शिकवला तेव्हा मोठ्या उत्साहाने घरी येऊन म्हणालो, "वस्ताद, पक्ष्याचा पंख म्हणजे त्याचा हातच असतो. हाडे तीच. म्हणजे एक तर हात, नाहीतर पंख. दोन्ही नाही."

"म्हंजी?"

"म्हणजे पंखाळ्यांना हात असणार नाहीत."

वस्ताद ताटावरून उठले. पुढचे काही दिवस तालमीवर सुतक पडल्यासारखे झाले. ते हौदाच्या कडेला बसत, स्वतःच्या हातांकडे बघत. पोरे चुकीचे डाव मारीत आणि ते बोलत नसत. शेवटी हणमंताने मला माळ्याच्या जिन्यात गाठले. "काय सांगितलंस रं त्यास्नी? हात न्हाईत म्हंजी कुस्ती न्हाई म्हणत्यात. आरं, जातीच्या जातीची कुस्ती घालवलीस तू एका दुपारात!"

सोडवले येसूने. भाकरी थापता थापता म्हणाली, "दादा, मुंगळ्याला पाय किती?"

"सहा."

"आन चतुराला?"

"सहा. शिवाय पंख."

"मग?"

मी दुसऱ्या दिवशी आमच्या प्राध्यापकांना विचारले. ते म्हणाले, कीटकांना आत हाडे नसतात, ती गोष्टच वेगळी. मी घरी येऊन एवढेच सांगितले की चतुराला सहा पाय असतात हे सरांनाही मान्य आहे. वस्ताद उठून हौदात उतरले आणि त्या संध्याकाळी त्यांनी हणमंताला घाम फुटेस्तोवर खेळवले.

मी शेवटच्या वर्षाच्या आदल्या वर्गात होतो तेव्हाची गोष्ट. लढाई चालू होती. तालमीतली निम्मी पोरे पलटणीत गेली होती आणि हौद मोकळा मोकळा दिसे. येसू घागर घेऊन येताना उंबऱ्यात अडखळू लागली. आधी आम्हाला वाटले घागर जड झाली. मग ती रिकाम्या हातानेही अडखळली. एके सकाळी चुलीपुढून तिला उठताच येईना. ती हातांनी पाय उचलून पुढे ठेवू लागली, दुसऱ्याचे सामान सरकवावे तसे.

वस्ताद, हणमंता आणि मी तिला घेऊन मिरजेला गेलो. स्टेशनापासून दवाखान्यापर्यंत हणमंताने तिला दोन्ही हातांवर नेले, पाठीला हात न लावता, खांदे आणि गुडघे धरून. ते कसब त्याच्याकडे आधीपासून होते.

डॉक्टरांनी तपासले, एक्स-रेचा फोटो काढला आणि वस्तादांना समोर बसवून शांतपणे सांगितले. मणक्याला क्षय झाला आहे. मणका खचतो आहे आणि आतली शीर दाबली जाते आहे. "हिला उताणी निजवावी लागेल. पाठीच्या आकाराचा प्लास्टरचा साचा करतो, त्यात. बरेच महिने. उठायचे नाही, कुशीवर वळायचे नाही. मणका जुळून आला तर पाय परत येतील. असेच राहिले तर पाय जातील, कायमचे."

"उताणी?" वस्तादांनी विचारले.

"उताणी."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. आयुष्यात माणसांना उताणे पाडण्याची विद्या शिकवलेला तो माणूस तो शब्द पहिल्यांदा ऐकल्यासारखा बसला होता.

साचा घेताना पालथे निजायचे होते. ते येसूने आनंदाने केले. साचा वाळून खाटेवर आला. एखाद्या होडीसारखा दिसत होता. नर्सबाई म्हणाल्या, "चल बाळ, नीज." येसूने खाटेचा लोखंडी दांडा दोन्ही हातांनी धरला आणि मान हलवली.

"म्या पाठ टेकणार न्हाई."

समजावणे सुरू झाले. नर्सबाईंनी समजावले, डॉक्टर येऊन गेले. येसू रडली नाही, ओरडली नाही. पाय लटपटत असताना हातांच्या जोरावर दांडा धरून उभी राहिली. डॉक्टर म्हणाले, "जबरदस्ती करून उपयोग नाही. साच्यात राहायचे ते तिला राहायचे आहे. उद्यापर्यंत तिचे मन वळवा."

वस्ताद मला व्हरांड्यात घेऊन गेले. आवाज खाली आणून म्हणाले, "इद्यार्थी, तुझ्या पुस्तकात बघ. कुटलंबी पाखरू पाठीवर निजतं का?"

"नाही वस्ताद."

"एकबी न्हाई?"

"मेल्याशिवाय नाही."

ते भिंतीला टेकणार होते, पण टेकले नाहीत. "ही माझीच करणी हाय बग. म्याच शिकिवलं, पंखाळं पाठ टेकत न्हाईत. आता कोणच्या तोंडानं सांगू, टेक म्हून?"

मग मला पीस झडण्याची गोष्ट आठवली. पाखरे वर्षातून एकदा जुनी पिसे टाकतात, तेव्हा मलूल होऊन एका जागी बसून राहतात. नवी आली की पुन्हा उडतात. तालमीच्या अंगणातली कोंबडीसुद्धा दर वर्षी तसेच करते. वस्तादांचे डोळे चमकले. आम्ही दोघांनी व्हरांड्यात बसून पंखाळ्यांचा एक नवा धडा रचला. पंख झडण्याच्या दिवसांत पंखाळे कड्यातल्या दगडी पाळण्यात उताणे निजून राहतात, नवे पंख फुटेपर्यंत. त्या दिवसांत पाठ टेकली तरी ती हार धरत नाहीत. मी शास्त्र घातले, वस्तादांनी दगडी पाळणा घातला. मला स्वतःला तो धडा फार चांगला वाटला.

येसूने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "अंगणातली कोंबडी पीस टाकती तवा पाठीवर निजती व्हय, दादा?"

मी वस्तादांकडे पाहिले. वस्तादांनी माझ्याकडे पाहिले.

"आन आबा, हे आदी कवा सांगितलं न्हाई तुमी. आजच बरं आठवलं!"

"येसू, बाय माझी, ऐक..."

"तुमी कवा टेकलीया का पाठ? सांगा. एकदा तरी?"

पलीकडच्या खाटेवरची एक म्हातारी उशीवरून मान उचलून बघत होती. वस्तादांनी डोक्याचा फेटा उतरवला, येसूच्या खाटेवर ठेवला, आणि दोन खाटांच्या मधल्या फरशीवर बसले. हात मागे टेकले. बैठका मारून घट्ट झालेला तो देह आडवा व्हायला तयार होत नव्हता. कोपरावर येऊन तो अडला. मग कोपरेही सरकली आणि तातोबा वस्ताद दवाखान्याच्या फरशीवर उताणे पडले.

दारात उभ्या असलेल्या हणमंताने तोंड भिंतीकडे फिरवले. भल्याभल्यांना उचलून आपटणारा तो गडी भिंतीला कपाळ लावून उभा राहिला. त्याच्या लेखी त्या वॉर्डात जे चालले होते ते कुणी बघू नये असे होते.

येसू खाली बघत होती. बराच वेळ बघितल्यावर म्हणाली, "खांदं टेकलं न्हाईत. उजवा उचललाय."

ती पहिलवानाची मुलगी होती. एक खांदा वर असेल तर कुस्ती झालेली नसते, हे तिला कुणी सांगायला नको होते.

"दादा, तुमी बगा."

मी गुडघ्यांवर बसलो आणि पंच बघतात तसा हात फरशी आणि वस्तादांच्या खांद्याच्या मध्ये घातला. हात सहज गेला. "उचलला आहे," मी म्हणालो.

वस्तादांनी डोळे मिटले. त्यांच्या छातीतून मोठा श्वास गेला आणि माझ्या हातावर भार आला. मी हात ओढून काढला. बोटे क्षणभर अडकली होती.

"टेकले. दोन्ही टेकले."

"काय दिसतंय, आबा?" येसूने विचारले.

"कौलं दिसत्यात." जरा थांबून ते म्हणाले, "एक कौल फुटलंय. त्यातनं आभाळ दिसतंय गं."

येसूने दांडा सोडला. "मग पंखाळ्यांत आजपास्नं अशी रीत. बानं आदी टेकायची, मग पोरीनं." आणि नर्सबाईंना म्हणाली, "घ्या. मला धरा. पाठीला हात लावू नगा."

येसू त्या साच्यात पावसाळा आणि पुढची थंडी निजून होती. वस्ताद तालीम हणमंतावर सोपवून वरचेवर मिरजेला जात, आणि भेटीची वेळ झाली की तिच्या खाटेशेजारी चटई पसरून उताणे पडत. तिला मान वळवता येत नसे म्हणून दोघे वर बघतच बोलत. फुटक्या कौलातून पंखाळे येत-जात असावेत, कारण मी गेलो की मला त्यांच्या नव्या नव्या बातम्या ऐकायला मिळत. त्यांच्यातल्या एकाचे लग्न मोडले होते. हार घालण्याऐवजी ते एकेक पीस देतात आणि नवऱ्या मुलाने देण्यासाठी कावळ्याचे उचलून आणले होते.

ही गोष्ट सांगलीत पसरायची ती पसरलीच. पुढच्या जत्रेच्या मैदानात, एवढ्या गर्दीत, दुसऱ्या तालमीच्या एका वस्तादाने मुद्दाम मोठ्याने विचारले, "काय तातोबा, मिरजंला चीत झालासा म्हणं?"

आमची पोरे उठली. हणमंताने तर सदरा काढायला घेतला. तातोबा वस्तादांनी हाताने सगळ्यांना खाली बसवले.

"झालो की," ते म्हणाले. "आमच्या लेकीनं केलं. लय कसलेली पोर हाय. तुमच्या तालमीत तसला गडी असला तर आणा, त्याच्यासंगंबी टेकतो."

समोरच्या वस्तादाने पानाचा डबा पुढे केला.

येसूचे पाय परत आले. साच्यातून काढल्यावर ती आधी लहान मुलासारखी भिंतीला धरून चालली, मग काठीने, मग काठी कोपऱ्यात पडून राहू लागली. पाठ होती तशीच राहिली. घरी आली त्या दिवशी वस्तादांनी तिच्या कपाळावर पंजा ठेवला आणि म्हणाले, "जा. दूध पी." तिचे अख्खे तोंड त्या पंजाखाली झाकले गेले होते, म्हणून ती हसत होती की काय ते आम्हाला दिसले नाही.

मी पदवीधर झालो आणि साताऱ्याच्या एका शाळेत मास्तर म्हणून लागलो. मला नोकरी लागून थोडे दिवस झाले असतील, तेव्हा हणमंताने कुणाकडून तरी निरोप लिहवून पाठवला. वस्ताद हौदात पाय घसरून पडले, कंबर धरली आहे, वैद्यांनी सरळ निजून राहायला सांगितले आहे, पण ते ऐकत नाहीत. खांबाला धरून बसून राहतात, बसूनच डुलक्या घेतात. त्या दिवशी मी त्यांना जे पत्र पाठवले त्याची नक्कल माझ्याजवळ आहे. ते वाचून दाखवणार होती येसू, हे मला ठाऊकच होते.

सातारा

तीर्थस्वरूप वस्तादांचे चरणी साष्टांग नमस्कार. (हा नमस्कार पंखाळ्यांनाही चालतो, पाठ वर राहते.)

पत्रास कारण की, पदवी घ्यायला मुंबईला गेलो होतो ते तुम्हाला सविस्तर सांगायचे राहून गेले. तिथे सगळ्यांना काळा झगा घालायला देतात. त्याच्या बाह्या मागे खाली लोंबतात. आरशात पाहिले तेव्हा मला वाटले, दुमडल्यावर असेच दिसत असतील. येसूताईला सांगा. पदवी घेऊन खाली उतरलो तर शेजारच्या एका गृहस्थांनी माझी पाठ थोपटली. मी दचकलो. ते चांगले गृहस्थ होते, पण मला वाटले, अजून काही झालेले नाही. नंतर सांगलीला आलो, तुम्ही कपाळावर हात ठेवलात, तेव्हा पदवी मिळाली.

इथे शाळेच्या खिडकीतून किल्ल्याचा कडा दिसतो. मुलांना पक्षी शिकवताना मी तिकडे बघतो. मुले विचारतात, गुरुजी, काय दिसतेय? मी म्हणतो, घारी.

वस्ताद, हणमंताने कंबरेचे कळवले. तुम्ही निजत नाही हेही कळवले. तुम्हाला सांगण्याची माझी पायरी नाही. पण तुम्ही आयुष्यभर कुशीवर निजलात, एक हात मोकळा ठेवून, कुणी येईल म्हणून. आता कुणी येणार नाही. जे यायचे होते ते मिरजेला येऊन गेले, आणि आपण ते परतवले.

येसूताई, यापुढचे तुझ्यासाठी आहे, पण मोठ्याने वाच. पंखाळ्यांत तू एक रीत घातलीस, बापाने आधी टेकायची, मग मुलीने. माझे म्हणणे, ती उलटीही चालावी. तू घोंगडे पसर आणि त्यांच्या शेजारी आधी तू नीज. तुला उताणे निजायची सवय आहे, त्यांना ती तुझ्या खाटेशेजारी, भेटीच्या वेळेपुरतीच होती. मग ते निजतील. उजवा खांदा ते उचलून धरतील, ते तुला माहीत आहे. हात घालून बघ. मी तिथे नाही, म्हणून पंच तूच.

दोन्ही टेकले की मला कळव. बाकी काही लिहिले नाहीस तरी चालेल.

तुमचा,
इद्यार्थी